संघभावनेचं ताक

आमच्या लॅबमधल्या चहाच्या पाच कपांचे कान पाच वेगवेगळ्या दिशांना असतात. ही गोष्ट मी बरेच दिवस नुसती पाहत होते, मग एकदा नीट निरीक्षण केलं. धुऊन ट्रेमध्ये ठेवलेला प्रत्येक कप आपापल्या मालकाच्या खुर्चीकडे कान करून उभा असतो. प्रत्येकावर सॅम्पलच्या नळीला लावतात तशी पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर नाव. कुणी कुणाचा कप उचलत नाही. चुकून उचललाच तर तो माणूस कप धुऊन ठेवतो आणि मूळ मालक तो पुन्हा एकदा धुतो. रक्त-लघवीच्या लॅबमध्ये एवढी काळजी वाईट नाही, असंच मी समजत होते.

लॅब सोलापुरात सात रस्त्याजवळ, चष्म्याच्या दुकानाच्या वर. मालक डॉक्टर मृत्युंजय हत्तुरे. मशीनवरचं काम माझं. रक्ताच्या नळ्या तपासून घेणं, फिरवणं, वेगळं करणं हे कासीमभाईंचं. लॅब सुरू झाली त्या दिवसापासून ते आहेत. घरोघर मोटरसायकलवर जाऊन रक्त आणतो तो प्रभुलिंग. आणि दारापाशी बसून पेशंटची नावं लिहिणं, पावत्या करणं, फोन घेणं हे यास्मीनचं काम. तिच्याकडे एक जादा काम होतं, त्याचा पगार तिला मिळत नव्हता. कासीमभाई आणि प्रभुलिंग गेल्या पावसाळ्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्यांचं बोलणं इकडून तिकडे नेण्याचं काम यास्मीन करायची. तिघंही एकाच खोलीत असताना.

"यास्मीन, त्याला सांग, हे सॅम्पल चालत नाही."

"प्रभुलिंगदादा, कासीमभाई म्हणतात, सॅम्पल चालत नाही."

"ऐकलो मी. त्यांना विचार, का चालत न्हाय?"

"कासीमभाई, दादा विचारतात..."

भांडणाचं कारण असं. रक्त फार हेंदकाळलं की त्यातल्या पेशी फुटतात, वरचं पाणी पिवळं दिसण्याऐवजी लालसर दिसतं आणि रिपोर्ट चुकतो. अशी नळी कासीमभाई बाजूला काढत आणि तिच्यावर लाल पेनाने 'पुन्हा' असं लिहीत. मग प्रभुलिंगला त्याच घरी परत जाऊन त्याच माणसाला दुसऱ्यांदा टोचावं लागे. कासीमभाईंचं म्हणणं, पोराचा हात जड आहे. प्रभुलिंगचं म्हणणं, माझ्या हाताला नाव ठेवायचं नाही, नव्वदीतल्या म्हाताऱ्यांची शीर मला अंधारात सापडते. दोघंही बरोबर असू शकतात, असं मी एकदा म्हणाले होते. पण मी हळू बोलते, आणि त्या वेळी रक्त फिरवायचं मशीन चालू होतं.

दिवाळीत फराळाचा डबा हातात देताना डॉक्टरांनी मला विचारलं, "मंगरुळे मॅडम, लॅब तुम्ही चालवता का? माझ्याच्यानं आता होत नाही. नाहीतर पुण्याची एक कंपनी मागतीय." कंपनी आली असती तर तपासणी सगळी पुण्याला गेली असती. इथे राहिलं असतं फक्त रक्त काढणं आणि पावती फाडणं. म्हणजे प्रभुलिंग राहिला असता, यास्मीन बहुधा राहिली असती, मी कुठेतरी कॉलेजात शिकवायला लागले असते. कासीमभाई मात्र घरी बसले असते, आणि त्यांना घरी बसता येत नाही. हे सगळं मला त्या क्षणी कळलं होतं. तरी मी म्हणाले, "बघते."

मशीन बिघडलं तर त्याच्या पडद्यावर आकडा येतो. तो आकडा पुस्तकात शोधायचा, पुढे काय करायचं ते लिहिलेलं असतं. माणसांच्या पडद्यावर आकडा येत नाही. म्हणून नोव्हेंबरात मी "बघते" म्हणाले, डिसेंबरातही म्हणाले. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा आली आणि गेली, तरी मी बघतच होते.

जत्रा संपल्यावर डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कंपनीने त्यांना मोबाइलवर एक पुस्तिका पाठवली होती. टीम बिल्डिंग कसं करावं, याबद्दल. "आपल्याकडे दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "ही लॅब तुम्ही घ्या असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? आणि कंपनीला तरी कुठल्या तोंडानं देऊ? तुम्ही एक दिवस हे करून बघा. मग मला काय ते सांगा. पुढच्या सोमवारी कंपनीची बाई येणार आहे."

मी पुस्तिका दोनदा वाचली. पहिल्या प्रयोगाचं नाव होतं 'विश्वासाने पडणे'. 'सहभागी व्यक्तीने डोळे मिटावेत व जोडीदारावर पूर्ण विश्वास ठेवून मागे पडावे. जोडीदाराने झेलावे.' जोडीदाराने कुठे उभं राहावं, किती अंतरावर, पडणाऱ्याचं वजन किती असल्यास चालेल, यातलं काहीही दिलेलं नव्हतं. जो प्रयोग आपण स्वतः केलेला नाही तो दुसऱ्यांना करायला लावू नये, असं मला शिकवलेलं आहे. म्हणून तो आधी घरी करायचं ठरवलं.

माझे यजमान गुरुशांत माणूस म्हणून अत्यंत विश्वासू आहेत. मी स्वयंपाकघराच्या दारात पाठ करून उभी राहिले, ते मागे उभे राहिले.

"डोळे मिटू?"

"मीट की."

मी डोळे मिटले, पूर्ण विश्वास ठेवला आणि मागे गेले. नेमकी त्याच क्षणी कुकरची तिसरी शिट्टी झाली. आमच्या घरी तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायचा असतो आणि जो जवळ असेल त्याने करायचा असतो. लग्नापासूनचा नियम आहे, माझाच. गुरुशांत नियम पाळायला गेले.

आवाज खालपर्यंत गेला असावा, कारण मी उठून बसायच्या आत खालच्या मजल्यावरच्या राजाबाई मावशी दारात होत्या. त्यांच्या हातात लिंबू होतं. त्या कुठेही जाताना हातात लिंबू घेऊन जातात की त्यांना आधीच कळतं, याचा मला अजून पत्ता लागलेला नाही.

"चक्कर आली का गं, सिद्धेश्वरी?"

"नाही मावशी, मी मुद्दाम पडले."

मावशींनी गुरुशांतकडे पाहिलं. ते हातात कुकर घेऊन उभे होते. मावशींच्या चेहऱ्यावरून मला कळलं की खरं सांगून परिस्थिती आणखी बिघडलेली आहे. "मुद्दाम म्हंती," त्या त्यांनाच म्हणाल्या. "असंच म्हंत्यात बायका. उपास कमी करा म्हणून सांगा तिला." मग त्यांनी मला लिंबूपाणी पाजलं, तळपायाला तेल लावलं, आपल्या जावेला असंच कसं झालं होतं आणि पुढे काय निघालं ते सविस्तर सांगितलं, आणि खाली जाऊन माझ्याच लॅबला फोन केला.

अर्ध्या तासात प्रभुलिंग बॅग घेऊन हजर.

"डॉक्टरांनी पाठवलंय. सगळ्या टेस्ट करायच्यात म्हणालेत."

"प्रभुलिंग, मला काही झालेलं नाही."

"सगळे असंच म्हणत्यात, मॅडम. मूठ आवळा."

त्याचा हात खरोखर हलका आहे. मला कळलंसुद्धा नाही. नळी मी स्वतः प्रकाशात धरून पाहिली, उत्तम होती. तासाभराने यास्मीनचा फोन आला. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, रागावू नका. कासीमभाईंनी तुमच्या नळीवर 'पुन्हा' लिहिलंय."

"माझ्या?"

"मी म्हणाले त्यांना, मॅडमची आहे. ते म्हणाले, नाव बघून रक्त लाल होत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभुलिंग परत आला. मी नुसता दुसरा हात पुढे केला. दारात राजाबाई मावशी उभ्या होत्या आणि एका माणसाचं दोनदा रक्त काढायला लागतंय म्हणजे प्रकरण किती गंभीर असेल, याचा अंदाज जिन्यातल्या इतरांना देत होत्या. संध्याकाळपर्यंत आमच्या इमारतीत मला तीन वेगवेगळे आजार झालेले होते.

रिपोर्ट सगळे नॉर्मल आले.

आता प्रश्न जागेचा. लॅबमध्ये पडायला जागा नाही; पडलं तर मशीनवर. म्हणून एखाद्या सार्वजनिक बागेत कार्यक्रम करावा असं मनात आलं. बाग कुठली आणि परवानगीची खिडकी कुठली ते सांगत नाही, कारण तिथल्या कारकुनाचा काही दोष नव्हता. तो बिचारा मदतच करत होता.

"कार्यक्रम कसला?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने अर्जावरचे प्रकार वाचून दाखवले: वाढदिवस, साखरपुडा, हळदीकुंकू, योगासनं, पुण्यतिथी. "ह्यातलं काय ते सांगा."

"यातलं काहीच नाही."

"काहीच न्हाय असं न्हाय चालत, मॅडम. योगासनं टाकू? पण त्याला शिक्षकाचं सर्टिफिकेट लागतंय. पुण्यतिथीला फोटो लागतोय." त्याने थोडा विचार केला. "साखरपुडा टाका की. सोपं जातंय. दोन्हीकडची नावं दिली की झालं."

"अहो, पण ती दोन माणसं एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत."

"मग साखरपुडाच की," तो म्हणाला.

मी अर्ज परत घेतला. कासीमभाई आणि प्रभुलिंग यांची नावं त्या रकान्यात लिहून खाली सही करण्याइतकी माझी प्रकृती, रिपोर्ट नॉर्मल असले तरी, चांगली नव्हती.

घरी आले तर राजाबाई मावशी जिन्यातच भेटल्या. त्यांना सगळं सांगावं लागलं. न सांगता वर जाता येत नाही. त्या म्हणाल्या, "एवढंच होय? माझ्या भावाकडं जावा की शेतात. हुरडा आलाय. चार माणसं एकत्र बसवायला बागा कशाला लागत्यात?"

आणि अशा रीतीने कंपनीच्या पुस्तिकेत ज्याचं नावही नव्हतं तो पदार्थ आमच्या कार्यक्रमपत्रिकेत शिरला. मी नवीन वेळापत्रक केलं. आधी आगमन, मग हुरडा, मग 'विश्वासाने पडणे', मग हातात हात गुंफून गाठ सोडवणे, मग प्रत्येकाने मनोगत व्यक्त करणे. हा क्रम लावताना माझी एक मूलभूत चूक झाली होती. सोलापुरात जन्म जाऊनही ती माझ्या लक्षात आली नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

रविवारी सकाळी डॉक्टरांच्या गाडीतून आम्ही निघालो. डॉक्टर, यास्मीन, मी आणि मांडीवर स्टीलचा मोठा डबा घेतलेले कासीमभाई. डब्यात दही होतं, त्यांच्या बायकोने घरी लावलेलं. "सायराबानूचं दही हाय," त्यांनी गाडीत बसल्याबसल्या जाहीर केलं. "डबा उलटा केला तरी पडत नाही. सुरीनं कापावं लागतं." वाटेत दोनदा त्यांनी झाकण किंचित उघडून, आत पाहून खात्री करून घेतली. दही खरोखर आरशासारखं होतं, मीही पाहिलं. प्रभुलिंग सकाळची दोन घरं आटपून मोटरसायकलवर मागून येणार होता.

अक्कलकोट रस्ता सोडून गाडी शेताच्या वाटेला लागली आणि पहिल्याच खड्ड्यात खालून घासली. डॉक्टरांनी उतरून पाहिलं. "पुढं नाही जायची." आम्ही तिघं चालू शकत होतो. कासीमभाईंचे गुडघे चालू शकत नव्हते. तेवढ्यात मागून प्रभुलिंग आला आणि सगळी परिस्थिती बघून, कुणाकडेही न बघता, गाडी चालू ठेवून उभा राहिला.

"यास्मीन," कासीमभाई म्हणाले, "त्याला सांग, मी चालत येतो हळूहळू."

"दादा, ते म्हणतात..."

"त्यांना सांग, ऊन वाढलं की दही आंबट होईल."

हा मुद्दा शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड होता. कासीमभाईंनी एकदा डब्याकडे पाहिलं आणि ते मागच्या सीटवर बसले. धरायला दुसरं काही नव्हतं म्हणून एका हाताने त्यांनी प्रभुलिंगचा खांदा धरला. पुस्तिकेतला एकही फोटो असा नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा दोघं आगटीपाशी उभे होते. मावशींचे भाऊ नागप्पा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं सरकवत होते. "बर्री, बर्री, या," ते म्हणाले. कासीमभाईंच्या हातात डबा होता, झाकण उघडं. मी जवळ जाऊन पाहिलं.

दह्याचं ताक झालं होतं. वर लोण्याचे बारीक कण तरंगत होते.

कासीमभाई तज्ज्ञ माणूस. त्यांनी डबा उन्हात थोडा तिरका केला, रोज नळी तिरकी करतात तसा. पुन्हा सरळ केला. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

प्रभुलिंग शांतपणे म्हणाला, "लाल पेन देऊ?"

मला वाटलं, आता संपलं. सोमवारी बाई येईल, मंगळवारी मशीन जाईल. कासीमभाईंनी झाकण लावलं. मग यास्मीनकडे न पाहता, सरळ प्रभुलिंगकडे बघून विचारलं, "तू रोज अशा रस्त्यानं येतो?"

"ह्यो बरा हाय. आमच्या हद्दवाढीतल्या वस्तीतला बघा एकदा."

"आणि नळ्या कुठं ठेवतो?"

"मागं, कॅरियरच्या पेटीत. तुमी बसलाव त्याला लागूनच."

कासीमभाईंनी नकळत स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. "मग रक्ताचं काय राहणार," ते म्हणाले. "माझंच ताक झालं."

पहिल्यांदा हसले ते नागप्पा. मग डॉक्टर. यास्मीन हसली नाही. ती म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही दोघं बोलणार? मग इतके महिने माझा घसा मी कशासाठी बसवला?"

हुरडा सुरू झाला. भाजलेलं कणीस गरम असतं तोवरच हातावर चोळायचं असतं आणि जो चोळतो तो स्वतः खात नाही, समोरच्याच्या हातावर घालतो. ही रीत कुणी शिकवत नाही. कासीमभाई चोळत होते आणि प्रभुलिंग खात होता, मग प्रभुलिंग चोळत होता आणि कासीमभाई खात होते. शेंगाचटणी, गूळ, पुन्हा हुरडा. मध्ये मध्ये त्यांचं बोलणं कानावर येत होतं. पेटी मागे नकोच. नळ्या उभ्या राहतील असा फोम कापायचा. पिशवी गळ्यात, छातीशी. "पोटाशी धर," कासीमभाई म्हणत होते, "बाळासारखं. माणसाचं अंग धक्का खातं, पेटी खात नाही."

बरीच कणसं झाल्यावर मी वेळापत्रक काढलं. मी संयोजक होते. काही कर्तव्य असतं.

"आता पुढचा कार्यक्रम," मी म्हणाले. "विश्वासाने पडणे."

मी वर पाहिलं. डॉक्टर कडुलिंबाच्या झाडाला टेकून डोळे मिटून बसले होते. यास्मीन ओढणी तोंडावर घेऊन चटईवर आडवी होती. कासीमभाई आणि प्रभुलिंग एकाच सतरंजीवर, एक इकडे डोकं करून, एक तिकडे. माझी मूलभूत चूक ती हीच. हुरड्यानंतर या जिल्ह्यात आजवर कुणी काही केल्याची नोंद नाही.

"पुस्तिकेनुसार," मी जरा मोठ्याने म्हणाले, "एकाने उभं राहायचं, आणि..."

"ताई," नागप्पा निखारे विझवत म्हणाले, "हुरडा खाल्ल्यावर माणूस उभा ऱ्हात न्हाय. सगळे पडल्यात की आधीच. आणि कुनाला पाडायलाव?"

मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. सगळे पडलेले होते. झेलायला कुणीही उभं नव्हतं आणि कुणाला त्याची काळजी दिसत नव्हती. पुस्तिकेच्या दृष्टीने प्रयोग फसला होता. मी वेळापत्रकाची घडी केली आणि बसले.

ऊन कललं तसे एकेक जण उठले. कासीमभाईंनी डबा पुढे ओढला, नागप्पांकडून मीठ, थोडं जिरं आणि पाच पेले मागून घेतले, आणि पेले एका रांगेत मांडून भरले. "रिजेक्ट झालेलं सॅम्पल," ते म्हणाले, "फुकट कशाला घालवा?" सगळ्यांनी हात पुढे केले. प्रभुलिंगने एक घोट घेऊन पेला खाली ठेवला, गुळाचा खडा घ्यायला वळला आणि परतताना दुसराच उचलला. कासीमभाईंनी त्याचा उचलला. मी माझा शोधत होते. पेले एकसारखे होते, कुणावर नाव नव्हतं आणि कानच नव्हते. शेवटी जो जवळ होता तो मी घेतला. ताक फार चांगलं झालं होतं.

डॉक्टरांचा फोन वाजला. ते उठून थोडं लांब गेले, बोलले आणि परत येऊन माझ्या शेजारी बसले.

"कंपनीची बाई होती. आजचे फोटो पाठवा म्हणते. प्रत्येकाचा पडतानाचा एक. त्यांच्याकडे हे दर महिन्याला असतं, एकसारखे टी-शर्ट घालून." त्यांनी फोन खिशात टाकला. "उद्या अकराला येते म्हणते. काय सांगू तिला?"

समोर कासीमभाई सुतळीच्या तुकड्याने प्रभुलिंगच्या छातीचं माप घेत होते. प्रभुलिंग हात पसरून, शिंप्यासमोर उभं राहावं तसा उभा होता. "श्वास सोड," कासीमभाई म्हणाले. "तू रस्त्यावर श्वास रोखून जाणार हाय का?"

मी तोंड उघडलं.

"बघते म्हणू नका, मॅडम," डॉक्टर म्हणाले.

"नाही म्हणत," मी म्हणाले. आसपास कुठलंही मशीन चालू नव्हतं, तरी मी जरा मोठ्यानेच बोलले, इतकं की सुतळी धरलेले कासीमभाईसुद्धा वळून बघायला लागले. "तिला सांगा, येऊ नका. लॅब मी चालवते."